पिळलेला मनोरा, तुटकी कौलं आणि एक गुऱ्हाळ

घरात पत्त्यांचा जोड आहे का? असेल तर आधी तो घेऊन या, मग पुढे वाचा. (आजोबांची रमी चालू असेल तर डाव संपेपर्यंत थांबा. मधेच पत्ते उचललेत तर होणाऱ्या परिणामांना मी जबाबदार नाही.)

आणलात? आता सगळे पत्ते नीट एकावर एक रचा. झाली एक सरळसोट, चौकोनी, थोडी कंटाळवाणी इमारत. आता सगळ्यात खालचा पत्ता तसाच ठेवा आणि त्यावरचा प्रत्येक पत्ता खालच्यापेक्षा किंचित, अगदी केसभर फिरवत जा. हळूहळू तो जोड ओलं धुणं पिळावं तसा पिळला जाईल. पण गंमत बघा, तो पडणार नाही.

आता दुसरा प्रयोग. पत्ते पुन्हा सरळ करा. या वेळी पत्ता फिरवायचा नाही, फक्त खालच्यापेक्षा किंचित पुढे सरकवायचा. दहा पत्ते, वीस पत्ते, तीस पत्ते... आणि धपाक! जोड भुईसपाट. माझ्या भाचीने हा प्रयोग तीनदा करून बघितला आणि मग कपाळाला आठ्या घालून विचारलं, "मामा, वाकडा तर पहिला जास्त दिसत होता. मग पडला दुसरा का?"

कारण प्रत्येक वस्तूला एक गुरुत्वमध्य असतो. तिचं सगळं वजन जणू त्या एका बिंदूत एकवटलेलं असतं. पत्ता जागच्या जागी फिरवला तर त्याचे कोपरे इकडचे तिकडे जातात, पण मधला बिंदू हलत नाही. बावन्न पत्त्यांचे बावन्न मध्यबिंदू एकाच उभ्या रेषेत राहतात. पत्ते पुढे सरकवले की मात्र हा बिंदूही सरकत जातो, आणि वरच्या पत्त्यांचं वजन खालच्या पत्त्याच्या कडेबाहेर गेलं की सगळं कोसळतं.

हे आत्ताच का सांगितलं? तर कॅनडात टोरांटोच्या शेजारी मिसिसागा नावाचं शहर आहे. (तिकडे मराठी माणसं पुष्कळ राहतात. तुमची एखादी मावशी किंवा काका तिथे असतील तर त्यांना विचाराच.) त्या शहरात तुमच्या पिळलेल्या पत्त्यांसारख्या दोन खऱ्याखुऱ्या इमारती उभ्या आहेत. एक ५६ मजली, दुसरी ५० मजली. नाव 'ॲब्सोल्यूट टॉवर्स', पण त्या नावाने त्यांना फारसं कोणी ओळखत नाही. लोकांनी त्यांचं बारसं परस्परच उरकलं. मेरिलिन मन्रो ही जुन्या हॉलिवूडमधली प्रसिद्ध नटी. त्या इमारतींची कंबर तिच्यासारखी नाजूक वळणाची दिसते म्हणून नाव पडलं 'मेरिलिन मन्रो टॉवर्स'.

या इमारतींचा प्रत्येक मजला लंबगोल आहे, म्हणजे साधारण अंड्याच्या सावलीसारखा. आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा फिरवलेला आहे. कुठे १ अंशाने, कुठे ८ अंशांपर्यंत. तळाशी आणि माथ्याशी कमी, मध्यभागी जास्त. म्हणून तर ती कंबर! उंच इमारतीत तळापासून माथ्यापर्यंत एकूण २०९ अंशांचा पीळ आहे. २०९ अंश म्हणजे किती, हे कळायला दाराकडे तोंड करून उभे राहा आणि पूर्ण पाठमोरे व्हा. हे झाले १८०. आता अजून थोडं वळा. तेवढं.

आत राहणाऱ्यांना चक्कर येत नाही का? नाही. कारण पिळलेली दिसते ती बाहेरची कड आणि मजल्याला वळसा घालून जाणारी गॅलरी. आतल्या, वजन पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती सरळच वर जातात. मजला वळतो तशा त्या भिंती कुठे थोड्या लांब होतात, कुठे आखूड. लिफ्टसुद्धा सरळच चढते, गोल गोल फिरत नाही. (हा प्रश्नही भाचीचाच. लिफ्ट फिरत नाही हे कळल्यावर तिची निराशा झाली.) आणि वाऱ्याचं काय? सपाट उंच भिंतीवर वारा एकसारखा आदळतो आणि तिच्या कडांपाशी भोवरे तयार होऊन इमारतीला हेलकावे देतात. इमारत गोलसर आणि पिळलेली असेल तर प्रत्येक मजल्यावर वाऱ्याला वेगळीच कड भेटते. त्यामुळे सगळे भोवरे एका तालात ढकलू शकत नाहीत. दंगा करणाऱ्या मुलांना वेगवेगळ्या बाकांवर बसवण्यासारखंच हे!

हा मनोरा कोणाच्या डोक्यातून निघाला? बीजिंगमधल्या मा यानसोंग या वास्तुरचनाकाराच्या. चिनी नावात आडनाव आधी येतं, म्हणून 'मा' हे त्यांचं आडनाव. चिनी भाषेत एकाच उच्चाराचा सूर बदलला की अर्थही बदलतो. एका सुरात 'मा' म्हणजे आई आणि या आडनावाच्या सुरात 'मा' म्हणजे घोडा. तेव्हा चीनला गेलात तर कोणाच्या आईची चौकशी जपून करा.

मा यांचा जन्म १९७५ सालचा. शिक्षण बीजिंगला आणि मग अमेरिकेत येल विद्यापीठात. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचं कार्यालय काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मॅड'. म्हणजे वेडे! त्याच वर्षी त्यांनी एक घर बांधलं. कोणाचं? माशांचं. माशांचे खोके नेहमी चौकोनी का, मासे काय चौकोनात पोहतात? असा विचार करून त्यांनी माशांच्या हालचालींचा अभ्यास केला आणि आत-बाहेर बोगदे असलेली, वाकडीतिकडी काचपेटी तयार केली. मग दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, मिसिसागाच्या मनोऱ्याची जागतिक स्पर्धा त्यांनी जिंकली. वय फक्त तिशीच्या आसपास. पहिल्या मनोऱ्यातली घरं इतकी पटापट विकली गेली की बांधणाऱ्यांनी त्यांना आणखी एक मनोरा काढून द्या म्हणून गळ घातली. म्हणून ती जोडी झाली. २०१२ मध्ये दोन्ही बांधून पूर्ण.

यात खरी नवलाई कोणती, सांगू? त्या काळात गंगा उलट्या दिशेने वाहत होती. चीनमधल्या गाजलेल्या इमारती परदेशी लोक बांधत होते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं पक्ष्याच्या घरट्यासारखं स्टेडियम आठवतंय? चिनी कलावंत आय वेवेई यांनी त्यात सल्ला दिला होता, पण आराखडा स्वित्झर्लंडच्या वास्तुरचनाकारांचा. बीजिंगमधली सरकारी टीव्हीची कमानीसारखी प्रचंड इमारत नेदरलँड्सच्या रेम कूल्हास यांची. तिचं टोपणनाव ऐकाल तर हसाल. बीजिंगकर तिला 'मोठी चड्डी' म्हणतात! फोटो बघा, पटेल. अशा काळात एका चिनी माणसाने कॅनडात जाऊन उंच मनोरा उभारणं ही मोठीच गोष्ट होती.

मा यांची सगळीच कामं काही अशी अगडबंब नाहीत. बीजिंगमध्ये जुन्या अरुंद गल्ल्या आहेत, त्यांना हुतोंग म्हणतात. गल्लीत आंगण असलेली बैठी घरं, वर करड्या कौलांचं छप्पर. दिसायला झकास, पण अनेक घरांत स्वतःचा संडासच नाही. लोक कंटाळतात, घरं पडतात, गल्ल्या नाहीशा होतात. मा यांनी २००९ मध्ये अशा एका आंगणात चकचकीत पोलादाचा एक भलामोठा बुडबुडा आणून ठेवला. साबणाच्या फुग्यासारखा. त्याच्या पोटात काय असेल? संडास आणि गच्चीवर जायचा जिना! बुडबुड्याच्या अंगावर जुनी कौलं, झाडं, आभाळ सगळं उमटतं. मला विचाराल तर त्या दोन मनोऱ्यांपेक्षा हा छोटासा बुडबुडा जास्त हुशार आहे.

आणि तुम्हाला विचारलं तर तुम्ही नक्की म्हणाल, आम्हाला ती बालवाडी पाहिजे. बीजिंगमध्येच १७२५ सालचा एक जुना चौसोपी वाडा आहे. त्याच्याभोवती मा यांनी २०२० मध्ये बालवाडी बांधली. वाडा जपून नवं बांधकाम सगळं त्याच्या बाजूने वळवलं, आणि त्यावर एकच सलग छप्पर घातलं. लाल, पिवळं, टेकड्याटेकड्यांचं. मंगळावर उतरल्यासारखं वाटावं असं. हे छप्पर म्हणजेच मुलांचं खेळाचं मैदान. मुलं त्यावरून पळतात, चढतात, गडगडतात. जुनी झाडं तोडलेली नाहीत. झाड आलं की छपराला भोक ठेवलंय, त्या भोकातून झाड वर डोकावतं. शाळेत 'छपरावर कोण चढलंय?' असं बाई ओरडल्या तर इथे सगळा वर्ग हात वर करेल.

छपरावर चढायची हौस मा यांना आहेच. चीनच्या उत्तरेला हार्बिन नावाचं कडाक्याच्या थंडीचं शहर आहे. तिथे नदीकाठच्या पाणथळ जागेवर त्यांनी २०१५ मध्ये संगीतनाट्यगृह बांधलं. वाऱ्याने बर्फाचे ढीग रचावेत तशा आकाराचं, पांढरंशुभ्र. नाटकाचं तिकीट नसलं तरी लोक बाहेरच्या वळणदार वाटेने त्याच्या छपरावर चढून जाऊ शकतात. आतलं मोठं सभागृह मात्र पांढरं नाही. सगळं उबदार लाकूड, आवाज छान घुमावा म्हणून.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात तर त्यांनी वावटळच उभी केली आहे. तिथे १९२३ सालचं एक लांबलचक गोदाम होतं. याच बंदरातून लाखो माणसं बोटीत बसून अमेरिकेला गेली, कायमची. गोदामाच्या आसपासचा भाग म्हणजे युरोपातल्या जुन्या चिनी वस्त्यांपैकी एक. बोटींवर काम करणारे चिनी खलाशी तिथे राहत. आता त्या गोदामात स्थलांतराचं संग्रहालय झालंय, नाव 'फेनिक्स'. २०२५ च्या मे महिन्यात ते उघडलं. गोदामाच्या पोटातून छप्पर फोडून वर जाणारा, आरशासारख्या पोलादाने मढवलेला एक जिना मा यांनी केला आहे. एक नव्हे, दोन जिने, एकमेकांत गुंफलेले, दोरीचे दोन पेड असावेत तसे. चढताना तुम्ही एका पेडावर, तुमची मैत्रीण दुसऱ्या पेडावर. मधेच भेटता, पुन्हा दूर जाता. घर सोडून निघालेल्या माणसांचं असंच होत असणार, नाही का?

एवढं वाचल्यावर वाटेल, की धाडसी इमारत म्हणजे वाकडी, गोल, चकचकीत. चीनमध्ये काही वर्षं तसंच झालं होतं. जो तो काहीतरी विचित्र बांधायला निघाला. शेवटी २०१६ मध्ये तिथल्या सरकारने फतवाच काढला, चित्रविचित्र इमारती आता पुरे! पण सगळ्यात धाडसी म्हणावा असा माणूस त्याच्या आधीपासून दुसऱ्याच वाटेने चालला होता. तो काय करत होता? तुटकी कौलं गोळा करत होता.

त्यांचं नाव वांग शू, जन्म १९६३. १९९७ मध्ये त्यांनी आणि त्यांची पत्नी लू वेन्यू यांनी मिळून कार्यालय काढलं. मा यांनी नाव ठेवलं 'वेडे', तर यांनी ठेवलं 'हौशी'! म्हणजे आम्ही काही मोठे तज्ज्ञबिज्ञ नाही. खरं तर त्याआधी बरीच वर्षं वांग शू गवंडी आणि सुतारांबरोबर बांधकामांवर राबत होते. वीट कशी बसते, लाकूड कसं जोडतात, हे हाताने शिकत होते.

चीनच्या पूर्व किनाऱ्यावर निंगबो शहर आहे. तिथे नवी वस्ती वसवायची म्हणून जवळपास ३० जुनी गावं पाडली गेली. घरं गेली, उरले विटा आणि कौलांचे ढीग. असे ढीग तुम्हीही पाहिले असतील. जुना वाडा पाडला की ट्रक येतो, राडारोडा भरतो आणि कुठेतरी नेऊन ओततो. निंगबोला संग्रहालय बांधायचं काम वांग शू यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी हा राडारोडाच मागून घेतला.

या किनाऱ्यावर टायफून म्हणजे चक्रीवादळं नेहमीची. वादळात घर पडलं की पूर्वीचे गावकरी हातात येईल ती वीट, फुटकं कौल, दगड घेऊन पटापट भिंत रचायचे. जाडजूड, बारीक, आडवं, तिरकं, सगळं एकात एक बसवून. या पद्धतीला तिथे 'वापान' म्हणतात. सिमेंट आल्यावर ती मागे पडली होती. वांग शू यांनी ती पुन्हा हाताशी घेतली आणि सहा मजली घराएवढ्या उंच भिंतींवर वापरली. अशा भिंतीचा नकाशा संगणकावर पुरता काढता येत नाही. कारण पुढचं कौल कोणत्या आकाराचं हाताला लागणार, हे कोणाला ठाऊक? म्हणून गवंड्यांच्या हाताला मोकळीक ठेवावी लागली. भिंतीचा उरलेला भाग काँक्रीटचा आहे, पण तोही गुळगुळीत नाही. काँक्रीट ओतताना सेंट्रिंगला आतून बांबू लावले होते. बांबू काढल्यावर त्यांच्या पेरांचे ठसे भिंतीवर तसेच राहिले.

२००८ मध्ये संग्रहालय तयार झालं. लांबून बघाल तर डोंगराचा कडा वाटेल. जवळ जाल तर भिंतीत दहा लाखांहून जास्त तुकडे दिसतील. कुठे करडं कौल, कुठे तांबडी वीट, कुठे शेकडो वर्षं जुनी वीट. वांग शू यांनी सांगितलं आहे, की गावं गेलेली माणसं तिथे पुन्हा पुन्हा येतात. आतल्या वस्तू बघायला नव्हे, भिंती बघायला. आपल्या घराची खूण सापडते का ते शोधायला.

२०१२ मध्ये वांग शू यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. वास्तुरचनेतला हा सगळ्यात मोठा मान. त्याआधी १९८३ मध्ये आय. एम. पेई यांनाही तो मिळाला होता. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयासमोरचा काचेचा पिरॅमिड बांधणारे ते हेच. पेई जन्माने चिनी, पण तोवर अमेरिकेचे नागरिक झालेले. म्हणून चीनचे नागरिक असताना हा मान मिळवणारे पहिले वांग शूच. पुरस्कार एकट्याच्या नावावर आला, तेव्हा तो लू वेन्यू यांनाही मिळायला हवा होता असं त्यांनी सांगून टाकलं. मला तरी त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. काम दोघांचं, मग नाव एकाचंच का?

विटांचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन विटा दाखवतो.

पहिली वीट जिंगदेझेन गावची. हे गाव चिनी मातीच्या भांड्यांसाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे. भांडी भाजायच्या भट्ट्या विटांच्या. दर दोन-तीन वर्षांनी भट्टीच्या विटा बदलाव्या लागत, कारण त्या उष्णता धरून ठेवेनाशा होत. मग त्या जुन्या विटांनी लोक घरं बांधत, रस्ते करत. आणि थंडीच्या दिवसांत शाळेत जाणारी मुलं भट्टीवरची एक गरम वीट उचलून दप्तरात टाकायची, दिवसभर ऊब राहावी म्हणून! (दप्तराचं ओझं जास्त आहे अशी तक्रार तेव्हा कोणी केली नसावी.) वास्तुरचनाकार जू पेइ यांनी तिथे बांधलेलं भट्ट्यांचं संग्रहालय आडव्या ठेवलेल्या लांबट अंड्यांसारखं दिसतं. त्याच्या विटांच्या कमानींमध्ये भट्ट्यांच्या जुन्या विटा नव्या विटांबरोबर मिसळल्या आहेत.

दुसरी वीट मात्र एका दुःखातून आली आहे. १२ मे २००८ रोजी चीनच्या सिचुआन प्रांतात भयंकर भूकंप झाला. जवळपास ७०,००० माणसं गेली. शाळाही पडल्या. डोंगराएवढा ढिगारा साचला, आणि दुसरीकडे घरं बांधायला विटा नाहीत. चेंगदू शहरातले वास्तुरचनाकार लिऊ जियाकुन यांनी त्या ढिगाऱ्याकडेच बघितलं. मोडलेल्या घरांचा चुरा करायचा, त्यात गव्हाचं काड मिसळायचं, सिमेंट घालायचं आणि साच्यातून वीट पाडायची. काड कशाला? मातीच्या भिंतीत आपण भुसा का घालतो, त्याच कारणाने. धागे वस्तूला आतून धरून ठेवतात, तडा पसरू देत नाहीत. यंत्र मोठं लागत नाही, गावातली माणसं स्वतः करू शकतात. या विटेचं नाव त्यांनी ठेवलं 'पुनर्जन्माची वीट'. नंतर त्यांनी ती आपल्या मोठमोठ्या इमारतींतही वापरली. लिऊ गोष्टी-कादंबऱ्याही लिहितात. आणि हो, त्यांच्या नावातल्या 'जिया' या शब्दाचा अर्थच घर. २०२५ चा प्रित्झकर पुरस्कार त्यांना मिळाला.

नावावरून आठवलं. श्यू त्येनत्येन या बीजिंगमधल्या वास्तुरचनाकार. 'त्येन' म्हणजे गोड, म्हणजे त्यांचं नाव झालं 'गोड गोड'. आणि त्यांनी काय बांधलं असेल? गुऱ्हाळ!

खरंच. चीनच्या झेजियांग प्रांतात सोंगयांग नावाचा डोंगराळ तालुका आहे. तिथल्या शिंग गावात ऊस होतो आणि लोक गूळ करतात. रस काढायचा, मोठ्या काहिलीत आटवायचा, ढवळत राहायचं, घट्ट झाला की ओतायचा. आपल्याकडे कोल्हापूरला होतो तसाच घाट. पण पूर्वी हे काम घरोघरच्या अंधाऱ्या, धुरकट छपरांखाली चालायचं. तरुण मुलं गाव सोडून शहरात चालली होती. श्यू यांनी २०१६ मध्ये गावासाठी मिळून एक गुऱ्हाळ बांधलं. उसाच्या शेतालगत, मोकळं, हवेशीर, चारही बाजूंनी आरपार दिसणारं. मधोमध चुलाणं पेटलेली, वाफेचे लोट उठलेले, आणि भोवतीने पाहुण्यांना फिरायला वाट. चुलीजवळची माणसं जणू रंगमंचावर आहेत असं वाटतं. हंगाम काही महिन्यांचाच. तो संपला की त्याच जागेत गावाच्या बैठका होतात, बाहुल्यांचे खेळही होतात. एका छपरात कारखाना, चावडी आणि नाट्यगृह!

त्याच तालुक्यात हेंगकेंग गावाजवळ श्यू यांनी बांबूच्या बनात एक रंगमंच केला. त्याला विटा नाहीत, सिमेंट नाही, छप्परही विकत आणलेलं नाही. गोल जागेभोवतीचे जिवंत बांबू आत वाकवले आणि शेंडे एकमेकांना बांधले. झाला घुमट. बांबू पोकळ असतो, म्हणून हलका. पण लांब धाग्यांचा असतो, म्हणून वाकतो, मोडत नाही. जुने बांबू वाळले की शेजारी उगवलेले नवे कोंब वाकवायचे. जगात किती इमारतींना दर पावसाळ्यात पालवी फुटते, सांगा बघू?

आता समुद्रावर जाऊ. किनाऱ्यावर गेल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय करता? खड्डा खणता. तेच करणारी मुलं ली हू आणि हुआंग वेनजिंग या वास्तुरचनाकार जोडप्याच्या डोळ्यांसमोर होती. उत्तर चीनच्या किनाऱ्यावर त्यांना कलासंग्रहालय बांधायचं होतं आणि जागेवर होती एक सुंदर वाळूची टेकडी. ती सपाट करून बांधणं सोपं होतं. किनाऱ्यावर अनेक ठिकाणी तसंच झालं होतं. या दोघांनी ठरवलं, टेकडीतच घुसायचं. आत गुहांसारख्या खोल्या केल्या आणि वरून वाळू पुन्हा होती तशी पसरून दिली. २०१८ मध्ये ते उघडलं. बाहेरून वाळू, मधेच दोन-चार गोल डोळे. आत पांढऱ्या गुहा, एकीतून दुसरीत जाणाऱ्या, आणि एका तोंडाशी समुद्र. आता त्या टेकडीला कोणी हात लावू शकत नाही, कारण तिच्या पोटात संग्रहालय आहे!

पण एवढ्या वाळूच्या ओझ्याने छप्पर खाली कसं येत नाही? अंड्याला विचारा. चार अंड्यांची अर्धी टरफलं, कडा सारख्या केलेली, पालथी ठेवा आणि त्यावर हळूच एकेक पुस्तक ठेवत जा. किती पुस्तकं राहतात बघून तुम्ही थक्क व्हाल. गोल कवचावर पडलेलं वजन एका जागी साचत नाही, ते वळणावळणाने सगळीकडून खाली उतरतं. (घरात अंडी येत नसतील तर करवंट्या घ्या. पण त्यावर पुस्तकंच काय, ताईसुद्धा बसेल, मग प्रयोगात मजा राहणार नाही.) त्या गुहांचे वळणदार आकार यंत्राने नाही, हाताने घडवले आहेत. काँक्रीटचे साचे लाकडाच्या अरुंद पट्ट्या वाकवून केले होते. ते करणाऱ्या स्थानिक कारागिरांमध्ये काही जण पूर्वी जहाजं बांधायचे. जहाजाचं पोट आणि गुहेचं छत, फरक फक्त उलट-सुलटचा!

जाता जाता सगळ्यात छोटी इमारत. मनोऱ्यापासून निघालो होतो, तेव्हा शेवट इथेच व्हायला हवा.

बीजिंगच्या एका हुतोंगमध्ये तीन-चारशे वर्षं जुनं आंगण आहे. आंगणात एक प्रचंड म्हातारं झाड. कालांतराने तिथे अनेक कुटुंबं राहायला आली आणि प्रत्येकाने आंगणात आपापलं छोटंसं स्वयंपाकघर थाटलं. इतकी दाटी झाली की हे सगळं पाडून टाकावं असं कोणालाही वाटलं असतं. झांग के या वास्तुरचनाकाराने मात्र ती स्वयंपाकघरं पाडली नाहीत. एकाची केली ६ चौरस मीटरची चित्रकलेची खोली, तिच्या छपरावर चढलं की थेट झाडाच्या फांद्यांत. आणि एका जुन्या घराच्या कौलांखाली केलं मुलांचं वाचनालय, शेजारच्या शाळेतल्या मुलांसाठी. शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि पुस्तक घेऊन खिडकीत बसायचं. या कामाला २०१६ मध्ये आगा खान वास्तुरचना पुरस्कार मिळाला. जगभरच्या मोठमोठ्या इमारतींशी स्पर्धा करून.

त्या वाचनालयाची जागा किती? फक्त ९ चौरस मीटर. म्हणजे ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद. आता पत्ते आजोबांना परत द्या, मोजपट्टी घ्या आणि तुमच्या घरात, जिन्याखाली किंवा शाळेच्या व्हरांड्यात एवढी जागा कुठे सापडते ते शोधा. सापडली तर तिथे काय बांधाल, त्याचं चित्र काढून आम्हाला पाठवा.